मूळ संचात

मागच्या महिन्यात एका मैत्रिणीकडे सामान बांधायला गेले होते. तिची इमारत पुनर्विकासाला जायची आहे, त्यामुळे सगळा संसार खोक्यांत भरून भाड्याच्या घरात न्यायचा होता. ती स्वयंपाकघरात काचेच्या बरण्यांना वर्तमानपत्र गुंडाळत बसली होती आणि मी तिच्या मुलीबरोबर बाहेरच्या खोलीतलं भिंतीतलं कपाट उपसत होते. खालच्या कप्प्यात डीव्हीडींची चळत निघाली. आता घरात त्या लावायला यंत्रही नाही, तरी टाकवत नाहीत अशा. मुलगी कॉलेजात आहे, सिनेमे मन लावून बघणारी. ती एकेक कव्हर फडक्याने पुसून माझ्या हातात देत होती. एका कव्हरवर थांबली. काळंपांढरं चित्र, वर ‘मच अडू अबाउट नथिंग’, खाली दिग्दर्शक जॉस व्हीडनचं नाव. तिने ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “मावशी, हे पण न्यायचंय? या माणसाबद्दल सगळं बाहेर आल्यावरसुद्धा?” तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी “ने” म्हटलं, तिने ती खोक्यात ठेवली आणि आम्ही पुढच्या कप्प्याला लागलो. पण तेव्हापासून तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही, कारण त्याचं उत्तर एका शब्दात मावणारं नव्हतं.

त्या सिनेमाची बातमी आली ती 2011 च्या दिवाळीच्या तोंडावर. घरभर भाजणीचा वास सुटला होता, आई सोऱ्या धरून बसली होती, मी कढईशी होते, आणि ओट्यावर ठेवलेला मोबाइल सारखा थरथरत होता. हात पुसून पाहिलं तर न्यू जर्सीतल्या मैत्रिणीचे मेसेज एकाखाली एक. “व्हीडनने शेक्सपिअर केलाय.” “आपली सगळी माणसं आहेत.” “अगं, करणार नाहीये, करून झालाय!” त्या शेवटच्या वाक्यावर मी गॅस बारीक केला. त्याच्याच ‘अव्हेंजर्स’चं चित्रीकरण नुकतंच संपलं होतं. त्या राक्षसी सिनेमाचं संकलन पुढ्यात असताना या माणसाने सँटा मोनिकातल्या आपल्या राहत्या घरी, ओळखीच्या नटनट्यांना बोलावून, बारा दिवसांत एक अख्खा सिनेमा चित्रित केला होता आणि त्याचा कुठे सुगावाही लागला नव्हता. बातमीसोबत एकच चित्र होतं. पोहण्याच्या तलावात छातीपर्यंत बुडालेला एक माणूस, डोळ्यांवर पाण्याखाली बघायचा मुखवटा, हातात दांडीचा ग्लास. त्याच्याबरोबर नावांची यादी.

ती यादी आम्ही ज्या रीतीने वाचली ती ज्याला व्हीडनच्या टीव्ही मालिकांचं वेड नाही त्याला समजावणं कठीण आहे. एमी ॲकर. ॲलेक्सिस डेनिसॉफ. नेथन फिलियन. शॉन मेहर. फ्रॅन क्रॅन्झ. टॉम लेंक. रीड डायमंड. क्लार्क ग्रेग. यातलं एकही नाव तेव्हा पोस्टरवर तिकिटं खपवणारं नव्हतं. पण आमच्याकडे प्रत्येक नावाला इतिहास होता. हॉस्टेलमध्ये एक हार्ड डिस्क खोल्याखोल्यांतून फिरायची, तिच्यावर त्याच्या ‘बफी’, ‘एंजल’ आणि ‘फायरफ्लाय’ या मालिका होत्या, आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीही त्या बघणाऱ्या आम्ही चौघीजणी होतो. ‘फायरफ्लाय’चे 14 भाग बनले आणि 11 दाखवून वाहिनीने ती बंद केली, हे दुःख आम्हाला काही वर्षं उशिराच कळलं, पण कळलं तेव्हा अगदी ताजं होतं. फिलियन म्हणजे तिच्यातल्या अंतराळयानाचा कप्तान आणि मेहर म्हणजे बहिणीसाठी सगळं सोडून आलेला डॉक्टर. त्यामुळे आता मेहर या नाटकातला खलनायक डॉन जॉन करणार हे वाचल्यावर फोनच्या दोन्ही टोकांना एकदम “नाही!” झालं. आणि त्या “नाही”त सगळा आनंदच होता.

खरी आरोळी मात्र पहिल्या दोन नावांसाठी होती.

‘एंजल’मध्ये ॲकरने फ्रेड केली होती आणि डेनिसॉफने वेस्ली. वेस्ली आधी ‘बफी’त आला तेव्हा कडक इस्त्रीतला, पुस्तकी, जरा हास्यास्पद माणूस होता. पुढे पाच वर्षांत त्या नटाने त्याला इतका खोल, इतका जखमी करून ठेवला की मागचा वेस्ली आठवून पोटात तुटायचं. फ्रेड हुशार, भरभर बोलणारी, भौतिकशास्त्रातली. तो कितीतरी काळ तिच्यावर गुपचूप प्रेम करतो. अखेर ती त्याची होते, आणि प्रेक्षकाने सुस्कारा सोडेपर्यंत तिच्या शरीरात एक पुरातन शक्ती शिरते आणि ती त्याच्या मिठीत मरते. तिच्याच देहात, तिच्याच चेहऱ्याने, निळ्या केसांची दुसरीच कुणी उभी राहते, आणि तीही ॲकरच करते. 2004 च्या मे महिन्यातल्या शेवटच्या भागात वेस्ली मरायला टेकलेला असताना ती परकी शक्ती त्याला विचारते की मी आता तुझ्याशी खोटं बोलू का. तो हो म्हणतो. मग ती फ्रेडचं रूप घेते. त्या दृश्यावर आमच्या खोलीत कुणीही बोललं नाही, आणि दुसऱ्या दिवशी मेसमध्येही तो विषय कुणी काढला नाही. व्हीडनच्या मालिकांत सुखी जोडप्याची धडगत नसते, हे आम्ही अंगावर वळ उठावेत तसं शिकलो होतो. ‘बफी’तली टारा ज्या भागात पहिल्यांदा शीर्षकांच्या चित्रांत दिसली त्याच भागात तिला गोळी लागली होती.

आणि आता तीच दोघं बीट्रिस आणि बेनेडिक करणार होती. एकमेकांना शब्दांनी ओरबाडणारी, लग्नाचं नाव काढलं की उसळणारी आणि शेवटी सगळ्यांसमोर एकमेकांच्या गळ्यात पडणारी. शेक्सपिअरने चारशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं असल्यामुळे या वेळी व्हीडनला कुणाला मारता येणार नव्हतं! न्यू जर्सीवाली म्हणाली, “सात वर्षं थांबलो गं आपण.” मी हसले नाही, कारण मलाही अगदी तसंच वाटत होतं. दोन नटांनी दोन वेगवेगळ्या पात्रांतून केलेल्या कामाचा असा हिशेब मांडणं तर्काला धरून नाही, हे मला कळतं. पण मनात फ्रेड आणि वेस्लीचं काहीतरी अर्धं राहिलं होतं, आणि ते पुरं करायला तीच माणसं परत येत होती.

माझी आई नाटकवेडी आहे. तिला यातलं काहीही सांगायची गरज पडली नाही. रविवारच्या पेपरात नाटकांच्या जाहिरातींचं पान ती अजून सगळ्यात आधी उघडते, आणि जुन्या नाटकाचा नवा प्रयोग दिसला की तिचं बोट ‘मूळ संचात’ हे शब्द शोधतं. ते असतील तरच तिकीट. एकदा बालगंधर्वच्या दारात फळ्यावर खडूने लिहिलेलं होतं की अमुक भूमिका आज तमुक करतील, तर ती मला घेऊन तशीच परत फिरली होती. मी लहान होते, मला राग आला होता. रिक्षात तिने सांगितलं होतं, “त्या दोघांना एकमेकांची उसंत माहीत आहे. एक थांबला की दुसऱ्याला कळतं किती थांबणार आहे ते. ते मला बघायचं होतं.” तर चकल्या तळता तळता मी तिला म्हटलं, “अगं, जुनाच संच आहे, नवं नाटक करणार आहेत.” ती म्हणाली, “मग बघायलाच हवं.” शेक्सपिअर तिला परका नाहीच. ‘राजमुकुट’ तिने तरुणपणी वाचून काढलंय आणि लेडी मॅक्बेथचं काम आपल्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये कुणी केलं होतं तेही तिला आठवतं.

लपवून केलेल्या सिनेमाचं एवढं काय कौतुक, असं कुणी विचारलं तर त्या वर्षाची हवा आठवावी लागेल. ‘अव्हेंजर्स’चं चित्रीकरण त्याच उन्हाळ्यात क्लीव्हलंडच्या रस्त्यांवर चाललं होतं. ते रस्ते न्यू यॉर्क म्हणून सजवले होते, आणि आसपासच्या इमारतींच्या खिडक्यांतून लोक मोबाइलवर चित्रं काढत होते. उलटलेल्या गाड्या, खोटा राडारोडा, चिलखतातला कॅप्टन अमेरिका, सगळं आम्ही सिनेमा यायच्या कितीतरी आधी पाहून बसलो होतो. सिनेमा ही आधीपासून चघळायची गोष्ट झाली होती. पोस्टर कधी येणार त्याची तारीख, मग ट्रेलरचा ट्रेलर, मग ट्रेलर. अशा दिवसांत कुणी काही न सांगता, न मागता, एक पूर्ण झालेली गोष्ट पुढ्यात ठेवतो याचा धक्का मोठा होता. वाट बघायची संधीच न देता मिळालेलं ते सुख होतं. शिवाय जागा घर होती, कुठला स्टुडिओ नव्हता. व्हीडनकडे सुट्टीच्या दिवशी नटमंडळी जमून शेक्सपिअर मोठ्याने वाचतात हे आम्ही मुलाखतींत वर्षानुवर्षं ऐकत आलो होतो. त्या बैठकीला आपल्याला कधी बोलावणं येणार नाही हेही माहीत होतं. आणि आता त्या घराचं दार उघडून कुणी म्हणत होतं, या, बसा.

त्याच वर्षी आणखी एक सिनेमा घरातल्या घरात, गुपचूप बनला होता, आणि तो आठवला की या सगळ्याला वेगळाच प्रकाश येतो. इराणच्या जाफर पनाहींना डिसेंबर 2010 मध्ये सहा वर्षांची कैद आणि वीस वर्षं सिनेमा न करण्याची शिक्षा सुनावली गेली होती. अपिलाचा निकाल लागायचा होता, तेव्हा तेहरानमधल्या आपल्या फ्लॅटमध्ये बसून त्यांनी मित्राच्या कॅमेऱ्यावर आणि स्वतःच्या फोनवर ‘धिस इज नॉट अ फिल्म’ केला. करता न आलेल्या सिनेमातली खोली ते गालिच्यावर चिकटपट्टीने आखतात. इथे खिडकी, इथे पलंग, असं सांगत राहतात, आणि बोलता बोलता गळा दाटून थांबतात. मुलीचा पाळीव इग्वाना त्यांच्या अंगावरून सावकाश चढत जातो. केकमध्ये दडवलेल्या पेन ड्राइव्हवरून तो सिनेमा मे 2011 मध्ये कान महोत्सवात पोचला, असं सांगतात. पनाहींपुढे लपवण्यावाचून वाटच नव्हती. सँटा मोनिकात लपवणं ही चैन होती, सुट्टीतली मौज होती. दोन्ही सिनेमे मला प्रिय आहेत आणि मी त्यांना एका पारड्यात घालत नाही. पण तेहरानच्या त्या फ्लॅटमुळे मला एक विचारायची सवय लागली. गुपित आहे, ठीक. ते कुणाच्या हातात आहे?

व्हीडनचा सिनेमा सप्टेंबर 2012 मध्ये टोरंटोच्या महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला आणि पुढच्या जूनमध्ये अमेरिकेत लागला. आमच्या हातात तो आणखी काही महिन्यांनी, न्यू जर्सीहून आलेल्या बॅगेतून, चॉकलेटं आणि व्हिटॅमिनच्या बाटल्यांच्या मधून आला. मी आईला शेजारी बसवून पाहिला. तिला इंग्रजी बेताचं येतं आणि शेक्सपिअरचं इंग्रजी तर मलाही अडवतं, म्हणून खाली अक्षरं लावली होती. पण ती अक्षरं वाचत नव्हती, चेहरे बघत होती.

सुरुवातीला शब्दच नाहीत. पहाटेचा करडा उजेड. डेनिसॉफ अंधारात कपडे चढवतोय, बूट हातात घेऊन, आवाज न करता. पलंगावर ॲकर पाठमोरी. तो तिच्याकडे बघतो, काहीतरी म्हणावंसं वाटून थांबतो आणि निघून जातो. मग कळतं की ती जागीच आहे. मूळ नाटकात हे नाही. बीट्रिस नुसती सुचवते की बेनेडिकने पूर्वी एकदा आपलं काळीज खोट्या फाशांनी जिंकलं होतं. दिग्दर्शकाने त्या ओळीतून ही पहाट काढली, आणि त्यानंतर दोघांच्या प्रत्येक टोमण्याखाली ती पहाट राहते. आई म्हणाली, “यांचं आधी काही होतं.” मग थोड्या वेळाने, “ही दोघं आधीही एकत्र काम केलेली असणार.” मी तोवर तिला वेस्ली-फ्रेडबद्दल चकार शब्द सांगितला नव्हता.

पुढे दोघांना फसवण्याची दृश्यं येतात. बेनेडिकचे मित्र त्याला ऐकू जाईल अशा बेताने बोलतात की बीट्रिस त्याच्यावर जीव टाकून आहे. डेनिसॉफ बाहेर हिरवळीवर, मोठ्या काचेच्या खिडक्यांमागे, लोळतो, सरपटतो, झुडपाआड दडतो, आणि आत बसलेल्यांना तो दिसतो आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, एक त्याला सोडून. मग बीट्रिसची पाळी. ती जिन्यावरून उतरताना आपलं नाव ऐकते आणि धाडकन खाली कोसळते, मग स्वयंपाकघरातल्या ओट्याआड सरपटत जाऊन लपते. ॲकर नृत्य शिकलेली आहे, ते त्या पडण्यात दिसतं. अंग सैल सोडून, मान न सावरता पडते. आई खळखळून हसली. आणि लगेच गप्प झाली, कारण ओट्याआडून वर आलेल्या त्या चेहऱ्यावर हसण्यासारखं काही नव्हतं. आपल्याला लोक गर्विष्ठ म्हणतात हे पहिल्यांदा ऐकणाऱ्या बाईचा तो चेहरा होता. खाली पडण्याचा विनोद आणि वर आल्यावरची ती जखम यांच्यामध्ये फार तर चार पावलांचं अंतर असेल. ते तिने एका दमात कापलं.

फिलियनचा डॉगबेरी म्हणजे फौजदारकीच्या तोऱ्यातला शब्दांधळा माणूस. फिलियन नंतर सांगत असे की शेक्सपिअरच्या धास्तीने त्याने आयत्या वेळी अंग काढून घ्यायचा प्रयत्न केला होता. पडद्यावर मात्र तो जराही ओरडत नाही, काळ्या चष्म्यातून अगदी गंभीर, दुखावलेल्या स्वरात बोलतो. तो आणि टॉम लेंक ऐटीत गाडीपाशी जातात आणि किल्ल्या आतच राहिल्याचं लक्षात येतं, तिथे आम्ही दोघी पुन्हा हसलो. पाहुणे सैनिक मुलांच्या खोलीत, बाहुल्या आणि कापडी प्राण्यांच्या गराड्यात उतरलेत, तेही लोभस आहे. कुणाच्या तरी खऱ्या मुलांची खोली आहे ती, हे जाणवत राहतं. काळ्यापांढऱ्यात घराच्या काचा, झाडं, पायऱ्या, सगळ्यांवर खिडकीतून आलेला उजेड पडलेला. ते घर मला पाठ झालं. कुठून कुठे जाता येतं तेही सांगू शकेन.

ते घर काई कोलचं होतं. म्हणजे ती तेव्हा व्हीडनची पत्नी होती आणि व्यवसायाने वास्तुरचनाकार. त्या घराचा आराखडा तिचा. सिनेमाची कल्पनाही तिने पुढे ढकललेली. दोघांनी सहजीवनाचा मोठा टप्पा साजरा करायला व्हेनिसला जायचं ठरवलं होतं. तिने म्हटलं, सुट्टी राहू दे, तू कितीतरी वर्षं म्हणतोयस तो शेक्सपिअर कर. सिनेमाची निर्माती म्हणून तिचं नाव आहे. तेव्हा हे वाचून मला आणि मैत्रिणींना भरून आलं होतं. असं घर, अशी बायको, असे मित्र. आम्ही त्या सिनेमावर जितकं प्रेम केलं त्यात या गोष्टीचाही मोठा वाटा होता.

2017 च्या ऑगस्टमध्ये काई कोलने एक जाहीर लेख लिहिला. 2012 मध्येच ते वेगळे झाले होते. तिने लिहिलं की लग्नाच्या काळात वर्षानुवर्षं त्याने इतर संबंध तिच्यापासून लपवून ठेवले आणि बाहेर मात्र स्त्रियांचा कैवारी म्हणून मिरवला. त्याच्या बाजूने सांगण्यात आलं की त्यात चुकीच्या गोष्टी आहेत, पण मुलांचा विचार करून तो बोलणार नाही. मग 2021 च्या फेब्रुवारीत करिस्मा कार्पेंटर बोलली. ‘बफी’ आणि ‘एंजल’मधली कॉर्डेलिया. गरोदरपणात आपल्याला सेटवर कशी वागणूक दिली गेली, कशी खिल्ली उडवली गेली आणि पुढे मालिकेतून कसं बाजूला केलं गेलं, ते तिने सविस्तर लिहिलं. बाकीच्यांनीही तिला दुजोरा दिला, काहींनी मोजक्या शब्दांत, पण स्पष्ट. व्हीडन पुढच्या वर्षी एका मुलाखतीत बोलला. काही गोष्टी त्याने नाकारल्या, काही बाबतींत आपण नीट वागलो नाही असं म्हणाला. मी ती मुलाखत वाचली. मला कार्पेंटरचं पटलं आणि अजून पटतं.

हॉस्टेलच्या चौघींपैकी एकीने आपला सगळा साठा त्याच आठवड्यात रद्दीवाल्याला दिला. न्यू जर्सीवाली म्हणाली, मला आता कॉर्डेलियाचं एकही दृश्य बघवत नाही, तिच्या हसण्यामागे काय चाललं होतं तेच दिसतं. मला दोघींचंही बरोबर वाटलं. माझं मन मात्र त्या नावांच्या यादीपाशी घुटमळत राहिलं. आम्ही एवढ्या आनंदाने वाचलेली ती मर्जीतल्या माणसांची यादी होती. आणि मर्जी म्हटली की तिच्यातून उतरलेली माणसंही आलीच. ॲकर आणि डेनिसॉफ ज्या मालिकेत भेटले तिचा कणा कार्पेंटर होती. चौथ्या वर्षानंतर तिला काढलं गेलं आणि त्यानंतर एका भागापुरती ती परत आली. ती किंवा आणखी कुणी त्या घरी का नव्हतं याची कारणं मला ठाऊक नाहीत, आणि ती मी तर्काने ठरवणार नाही. पण लाडक्या नटांना जवळ करणारा दिग्दर्शक म्हटलं की आपल्याला फक्त जवळ केलेले दिसतात. घरच्यासारखं वातावरण, असं कौतुकाने म्हणतो आपण. घरात लाडकं कोण, नावडतं कोण, हे कोण ठरवतं आणि नावडत्याने दाद कुठे मागायची, हे आपल्या घरांतही कधी नीट विचारलं जात नाही. कंपनीत निदान एक कागद असतो, एक तक्रारीची खिडकी असते. घरात यजमानाचा शब्द असतो.

यानंतर मी सिनेमा पुन्हा पाहिला तो लग्नाच्या दृश्यासाठी. बीट्रिसची चुलत बहीण हीरो लग्नाला उभी आहे, सगळी वरात जमलेली, आणि तिचा नवरामुलगा क्लॉडिओ भर मांडवात तिच्या चारित्र्यावर चिखल उडवतो. त्याने रात्री खिडकीत काहीतरी पाहिलंय, त्याला ते दाखवलं गेलंय. प्रतिष्ठित राजपुत्र त्याची री ओढतो. आणि तिचा बाप! क्लार्क ग्रेगचा लिओनाटो तोवर किती मऊ, किती अगत्यशील यजमान. तो क्षणात मुलीवर उलटतो, ती मेली तर बरं म्हणतो. मुलगी नाही म्हणतेय ते कुणी ऐकूनच घेत नाही. तिच्यावर पहिल्यापासून विश्वास ठेवते ती बीट्रिस, आणि मग धर्मगुरू. लोक पांगल्यावर बेनेडिक बीट्रिसला प्रेमाची कबुली देतो आणि सांग, तुझ्यासाठी काय करू, असं विचारतो. ती क्लॉडिओचा जीव मागते. तो नाही म्हणतो आणि ॲकर पेटते. आपण पुरुष असतो तर काय केलं असतं ते सांगताना तिचा आवाज फाटतो. इतका वेळ जीभ हे हत्यार असलेली बाई आता शब्दांपाशी अडखळते, कारण शब्दांनी इथे काही होणार नाही हे तिला कळून चुकलंय. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हे दृश्य मला दोघांच्या प्रेमाचा कळस वाटलं होतं. आता वाटतं की इथे प्रेम दुय्यम आहे. एका बाईचं खरं मानायला कोण तयार आहे, एवढाच सवाल आहे, आणि बेनेडिकची किंमत तो “तुला मनापासून खात्री आहे?” असं विचारून, तिचं उत्तर ऐकून, आपल्या माणसांविरुद्ध उभा राहतो तेव्हा ठरते.

हे दृश्य ज्याने इतकं नेमकं बांधलं, त्याच्याच सेटवर ते सगळं घडलं असेल तर? या प्रश्नाला मी खूप धडका मारल्या. माणसाला एखादी गोष्ट कागदावर पूर्ण कळते आणि वागण्यात उतरत नाही, हे काही नवल नाही. आपल्या संतांनीही बोलण्याची आणि चालण्याची सांगड घालायला किती वेळा बजावलंय. मला त्याला माफ करायचं नाही, तो हक्कही माझा नाही, तो कोलचा आणि कार्पेंटरचा आहे. पण ते दृश्य बघताना डोळ्यांत येतं ते पाणी त्याने दिलेलं आहे, असंही मी मानत नाही. ते ॲकरने दिलं, डेनिसॉफने दिलं, आणि त्या घराला तशा खिडक्या ठेवणाऱ्या बाईने दिलं.

खोकी बांधून झाल्यावर मैत्रिणीच्या मुलीला मी यातलं थोडंसंच सांगू शकले. ती म्हणाली, “म्हणजे तुम्ही त्या माणसाच्या फॅन नव्हताच, त्या नटांच्या होतात.” इतकं सरळ ते नव्हतं. व्हीडनचं नाव होतं म्हणून तर मी गॅस बारीक केला होता. त्याने त्या माणसांना ओळखलं, हेरलं, त्यांच्या गळ्याला बसतील असे शब्द लिहिले, एकीची तर ‘अव्हेंजर्स’च्या घोळक्यातून निवड करून तिला हीरोची भूमिका दिली. हे त्याचं श्रेय मी पुसणार नाही. मला फक्त त्या श्रेयाच्या शेजारी दुसऱ्या नावांनाही पूर्ण जागा हवी आहे.

त्या रात्री मुलीने विचारलं की ॲकरचं आणखी काय पाहू. मी तिला ‘पर्सन ऑफ इंटरेस्ट’चं नाव दिलं. तिथे व्हीडन कुठेच नाही. ॲकर आधी एक साधीसुधी, घाबरलेली बाई म्हणून येते. मग एका क्षणी तिच्या खांद्यांची ठेवण बदलते, डोळे थंड होतात, आणि कळतं की समोर दुसरीच कुणी बसली आहे, धोकादायक आणि स्वतःवर खूश. पुढे कितीतरी भाग त्या रूटला तिने हळूहळू माणसांत आणलं. मुलीचा परवा मेसेज आला होता की ती दुसऱ्या सीझनवर आहे आणि तिची झोप उडाली आहे. सोबत ॲकरचा एक फोटो पाठवलाय, पडदा थांबवून काढलेला, आणि खाली विचारलंय, “ही बाई एवढी वर्षं मला कुणी सांगितली का नाही?”